सरनौबत प्रतापराव गुजर : उमराणी ते नेसरी

आपल्या अनगोळपासून नेसरी काही फार लांब नाही. शिनोळी, कोवाड करत गेले तर सकाळी निघालेला माणूस दर्शन घेऊन दुपारच्या जेवणाला घरी पोचू शकतो. वाटेतले कोवाड म्हणजे 'श्रीमान योगी' लिहिणाऱ्या रणजित देसाईंचे गाव. ताम्रपर्णी ओलांडून पुढे गडहिंग्लजच्या रस्त्याला लागले की नेसरी येते आणि तिथल्या खिंडीत सरसेनापती प्रतापराव गुजरांचे स्मारक आहे. गड पाहायला आपण पन्हाळ्याला जातो, विशाळगडाला जातो, मुलांना घेऊन येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढतो. नेसरीला मात्र मुद्दाम जाणारे कमी. सात घोडेस्वार हजारोंच्या फौजेवर चालून गेले ही गोष्ट प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. कुसुमाग्रजांच्या कवितेने आणि तिच्या गाण्याने ती घरोघर पोचवली. गणपतीच्या मांडवात वक्तृत्व स्पर्धा असली की एखादा तरी मुलगा प्रतापरावांवर बोलतोच, आणि महाराजांचा हुकूम शिरसावंद्य मानून त्यांनी प्राण दिले असे म्हणून टाळ्या घेतो.

या टाळ्या खऱ्याच आहेत. पण हुकूम पाळणारा म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्याच माणसाने दहा महिने आधी महाराजांचा हुकूम मोडला होता. नेसरी घडली ती त्या मोडलेल्या हुकमामुळे. दोन्ही प्रसंग एकापुढे एक ठेवून पाहिले तर प्रतापराव अधिक मोठे वाटतात की लहान, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला ते अधिक जवळचे वाटू लागले.

त्यांचे मूळ नाव कुडतोजी. गुजर घराणे सातारा भागातले, गाव भोसरे, आजच्या खटाव तालुक्यात. स्वराज्याचे सरनौबतपद त्यांच्याकडे आले तेच मुळी दुसऱ्याच्या चुकीमुळे. पुरंदरचा तह झाल्यावर महाराजांना मिर्झाराजे जयसिंगांबरोबर विजापूरकरांविरुद्ध उतरावे लागले. जानेवारी १६६६ मध्ये त्यांनी पन्हाळ्यावर रात्रीचा हल्ला केला तो फसला, बरीच माणसे पडली. सरनौबत नेताजी पालकर ठरल्या वेळी पोचले नाहीत. महाराजांनी त्यांना पदावरून दूर केले. प्रतिशिवाजी म्हणून ज्यांचा दरारा होता असा हा सरदार. पण वेळेला न पोचलेला सेनापती महाराजांनी चालवून घेतला नाही. त्या जागी कुडतोजी आले आणि प्रतापराव झाले. सेनापतीची चूक किती महाग पडते, हे त्या पदावर बसण्याच्या पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होते.

ते स्वभावाने तापट, अंगावर जाणारे. मिर्झाराजांच्या छावणीत एकटेच शिरून त्यांनी राजांवर हत्यार उपसले, पकडले गेले आणि मिर्झाराजांनी त्यांचे धाडस पाहून सोडून दिले, अशी एक कथा सांगितली जाते. ती खरी मानायला भक्कम कागद नाही. मात्र अशी कथा लोकांनी कोणाही सरदाराच्या नावावर घातली नसती. माणूस तसा होता म्हणून कथा तशी झाली.

आग्र्याहून महाराज सुटून आल्यावर मोगलांशी तात्पुरता सलोखा झाला, तेव्हा संभाजीराजांच्या मनसबीची फौज घेऊन प्रतापराव आणि निराजी रावजी औरंगाबादेला शहजादा मुअज्जम याच्याकडे राहिले. पुढे औरंगजेबाने या मराठा सरदारांना पकडण्याचा हुकूम काढला. तो हाती पडण्याआधीच शहजाद्याने त्यांना सावध केले आणि फौज सुखरूप निघून आली, असे बखरीत आहे. म्हणजे हुकूम कसा पाळल्यासारखा दाखवावा आणि कसा पाळू नये, याचा एक नमुना त्यांनी मोगलांच्या घरातच पाहिला होता.

त्यानंतरची चार वर्षे त्यांच्या कर्तृत्वाच्या भराची. १६७० मध्ये सुरतेवरची दुसरी स्वारी झाली, परतताना वणी-दिंडोरीला मोगलांशी उघड्या मैदानात लढाई झाली. १६७२ च्या आरंभी साल्हेरचा रणसंग्राम. एका बाजूने प्रतापराव, दुसऱ्या बाजूने मोरोपंत पेशवे असे दुतर्फा येऊन मराठ्यांनी मोगलांची मोठी फौज मोडली. गनिमी काव्याने नव्हे, समोरासमोर. या लढाईतली एक गोष्ट पुढच्या कथेसाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. इखलासखानासारखे नामांकित सरदार जखमी होऊन हाती लागले. महाराजांनी त्यांच्या जखमांवर औषधोपचार करवले आणि मानाने सोडून दिले. हरलेल्या शत्रूवर दया करणे हा महाराजांच्या दरबाराचा रिवाजच होता आणि प्रतापरावांनी तो डोळ्यांनी पाहिलेला होता.

आता उमराणीकडे येऊ.

१६७२ च्या अखेरीस विजापूरचा अली आदिलशहा वारला. गादीवर चार-पाच वर्षांचा सिकंदर बसला आणि दरबारात दख्खनी व पठाण सरदारांची ओढाताण सुरू झाली. ही संधी साधून मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद यांनी अवघ्या साठ माणसांनिशी रात्री पन्हाळा चढून घेतला. विजापूरकरांना हे झोंबले. त्यांनी बहलोलखान हा आपला बलाढ्य पठाण सरदार मोठ्या फौजेनिशी पन्हाळ्याच्या रोखाने पाठवला. या खानाचे नाव अब्दुल करीम. साल्हेरच्या मोगल फौजेतही बहलोलखान नावाचा सरदार होता, तो वेगळा. वाचताना बरेचदा घोटाळा होतो म्हणून सांगितले.

महाराजांनी प्रतापरावांना हुकूम दिला की खानाला वाटेतच गाठून मोडावे. हुकमात संदिग्ध काही नव्हते. प्रतापराव निघाले. विजापूर आणि मिरज यांच्या दरम्यान, आजच्या जत तालुक्यात उमराणी आहे. तो मुलूख ज्यांनी एप्रिलमध्ये पाहिला आहे त्यांना पुढचे सांगायला नको. माळरान, ऊन आणि एखादेच पाणी. प्रतापरावांनी ते पाणीच अडवले. खानाच्या फौजेत हजारो घोडी, हत्ती आणि माणसे. दिवसभर लढाई झाली. खानाची फौज आधी घायाळ आणि मग तहानेने कासावीस झाली. रात्री खानाचा माणूस प्रतापरावांकडे आला आणि त्याने वाट मागितली. आपण तुमच्यावर चालून येणार नाही, असा शब्द दिला. प्रतापरावांनी वाट दिली.

का दिली? पाण्यावाचून तडफडणारी जनावरे आणि शरण आलेला माणूस पाहून रणातल्या वीराचे मन द्रवले, हे एक उत्तर. ते मला पटते. लढाईत समोर उभ्या माणसाला कापणारा हात, पाणी मागणाऱ्या माणसावर उठत नाही, यात कमीपणा काय? दुसरे असे की फौज मोडली, खानाने मान तुकवली, म्हणजे फत्ते झालीच, असेही त्यांना वाटले असेल. साल्हेरनंतर महाराजांनी शत्रूला सोडले होते, मग आपण सोडले तर बिघडले कुठे?

बिघडले ते इथे. साल्हेरला सोडलेले सरदार हातात सापडलेले, हत्यार नसलेले, जखमी होते, आणि त्यांना सोडायचे महाराजांनी ठरवले होते. उमराणीला सोडली ती एक अख्खी फौज, तिच्या सेनापतीसकट, आणि सोडायचे ठरवले त्या माणसाने ज्याला ते ठरवायचा अधिकार दिलेला नव्हता. दया सरनौबताची, पण तिची किंमत पडणार होती पन्हाळ्याच्या खालच्या रयतेला. महाराज संतापले. तह करायला तुम्हाला कोणी सांगितले, अशा अर्थाचा ठपका त्यांनी पाठवल्याचे सभासद बखरीत आहे.

ठपका जिव्हारी लागलेले प्रतापराव परत न येता तसेच दक्षिणेत उतरले. त्यांनी हुबळीची श्रीमंत पेठ लुटली. तिथल्या इंग्रजांच्या वखारीलाही झळ बसली आणि त्या नुकसानीच्या भरपाईसाठी कंपनीवाले पुढे महाराजांकडे कितीतरी दिवस खेटे घालत होते. लूट मिळाली, नाव झाले, पण ज्या कामासाठी पाठवले होते ते काम तसेच राहिले.

आणि शब्द देऊन गेलेला खान वर्ष पुरे व्हायच्या आत पुन्हा आला. १६७४ च्या सुरुवातीला त्याची फौज स्वराज्याच्या मुलखात, आजच्या कोल्हापूरच्या बाजूला धुडगूस घालू लागली. रायगडावर तेव्हा राज्याभिषेकाची तयारी चालू होती. अशा वेळी दक्षिणेचे दार उघडे राहणे परवडणारे नव्हते. महाराजांनी प्रतापरावांना लिहिले. हा खान घडोघडी येतो, त्याला बुडवल्याखेरीज तोंड दाखवू नये, असा त्या पत्राचा भाव बखरीत आला आहे. मूळ पत्र आज आपल्यापुढे नाही. पण बखरकार कृष्णाजी अनंत सभासद हा महाराजांच्या पदरी राहिलेला माणूस, त्यामुळे मजकुराचा रोख बरोबर असावा.

२४ फेब्रुवारी १६७४, महाशिवरात्र. खानाची फौज नेसरीच्या बाजूला आल्याची खबर प्रतापरावांना मिळाली. इथून पुढे काय झाले त्याबद्दल सभासद थोडक्यातच सांगतो: खिंडीत लढाई झाली, प्रतापराव पडले. सहा स्वारांचा तपशील येतो तो इंग्रजांच्या कागदात. कंपनीचा दुभाषी नारायण शेणवी याने एप्रिल १६७४ मध्ये मुंबईला पाठवलेल्या पत्रात दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत प्रतापराव सहा घोडेस्वारांसह मारले गेले आणि बाकीच्या फौजेची मदत त्यांना मिळाली नाही, असे कळवले आहे. म्हणजे सातांची गोष्ट कवीच्या कल्पनेतली नाही, ती घटनेनंतर दीड महिन्यात लिहिलेल्या कागदावर आहे. बरोबरच्या सहा जणांची जी नावे आज फलकांवर आणि भाषणांत येतात, ती मात्र त्या काळच्या कागदांत मिळत नाहीत.

फौज पुष्कळ होती, पण मागे. प्रतापराव तिची वाट पाहायला थांबले नाहीत. खान दिसला आणि दहा महिने मनात साचलेले सगळे त्या एका क्षणी उसळले असणार. घोडा टाचेखाली घेतला आणि ते गेले. जे सहा जण मागे गेले त्यांना तर कुठलाच हुकूम नव्हता. सरनौबत एकटा जातो आहे एवढेच त्यांनी पाहिले.

अशा मरणापुढे मान लवते. पण हुकूम पाळला का, हा प्रश्न तरीही राहतोच. महाराजांचा हुकूम होता खानाला बुडवण्याचा. प्रतापरावांनी स्वतः बुडून जावे असा नव्हता. सेनापती खिंडीत पडला आणि खान जिवंत राहिला. हुकमाच्या दृष्टीने पाहिले तर नेसरीला तो दुसऱ्यांदा मोडला गेला. उमराणीला दयेपोटी, नेसरीला शरमेपोटी. तोंड दाखवू नये एवढे शब्द तेवढे त्यांनी अक्षरशः पाळले.

इथे बाजीप्रभूंची आठवण येते. १३ जुलै १६६० ला घोडखिंडीत बाजीप्रभूंना हुकूम होता की महाराज विशाळगडावर पोचून तोफांचे आवाज होईपर्यंत खिंड सोडू नये. तिथे मरणातून महाराजांना काही तास मिळाले आणि त्या तासांसाठीच खिंड लढवायची होती. बाजींचे मरण हुकमाच्या पोटातच होते. नेसरीच्या मरणातून कोणाला काय मिळाले, हा प्रश्न विचारायला जीभ अडखळते, पण तो विचारायला हवा. माझ्यासारख्या सरकारी नोकराचा जन्म आदेश आणि परिपत्रके यांत जातो. आदेशाचे अक्षर पाळणारे पुष्कळ भेटतात. तो कशासाठी निघाला हे लक्षात ठेवून वागणारा एखादाच, आणि त्याची गोपनीय अहवालात नोंद होतेच असे नाही.

नेसरीच्या कथेत असा माणूस आहे. त्याचे नाव आनंदराव मकाजी, प्रतापरावांच्या हाताखालचा सरदार. मांडवातल्या भाषणांत मी त्याचे नाव अजून ऐकलेले नाही. सेनापती पडल्यावर फौजा पळतात, हा त्या काळचा नियम. पानिपतावर पुढे आपण त्याची किंमत मोजलीच. नेसरीला तसे झाले नाही. आनंदरावांनी खचलेली फौज आवरली. त्यांनाही महाराजांचा तसाच हुकूम आला की खानाला मोडल्याशिवाय परतू नये. तेच शब्द, तोच खान, आणि आता डोळ्यांपुढे प्रतापरावांचे उदाहरण.

आनंदराव काय करतात ते पाहा. बहलोलखानाच्या मदतीला मोगलांकडून दिलेरखान आला. दोन फौजा एकत्र झाल्यावर त्यांच्यावर तुटून पडणे म्हणजे दुसरी नेसरी. आनंदरावांनी तोंड फिरवले आणि घोडदळ घेऊन सरळ कर्नाटकात उतरले. कोणी पाहिले असते तर म्हणाले असते की हा पळाला. दोन्ही खान मोठमोठ्या मजला मारत पाठलागावर निघाले, त्यांना ही फौज सापडली नाही, आणि थकून ते परत फिरले. आनंदराव गेले ते बहलोलखानाच्या स्वतःच्या जहागिरीत. मार्च १६७४ मध्ये त्यांनी तिथली संपगावची पेठ लुटल्याचे इतिहासकार सांगतात. संपगाव म्हणजे आपल्या बैलहोंगल तालुक्यातले. लुटीचा आकडा दीड लाख होनांच्या घरात सांगितला जातो. लूट घेऊन परतताना बंकापूरजवळ बहलोल आणि खिजरखान यांनी वाट अडवली. तिथे जबर लढाई झाली, खिजरखानाचा भाऊ पडला आणि मराठ्यांनी खानाची फौज लुटून पाचशे घोडी आणि दोन हत्ती आणले. नेसरीनंतर एक महिनाही झाला नव्हता. ज्याची जहागीर लुटली जाते त्या सरदाराला दुसऱ्याच्या मुलखात धुडगूस घालायला सवड राहत नाही.

आनंदरावांनी हुकूम पाळला की वाकवला? शब्दांवर बोट ठेवणारा म्हणेल की खान जिवंत सुटला, म्हणजे हुकूम अपुराच राहिला. मला वाटते, महाराजांना हवे होते ते आनंदरावांनी केले. प्रतापरावांना ते करता आले नाही, कारण त्यांना त्या दिवशी खानापेक्षा स्वतःचा कलंक मोठा दिसत होता. असे म्हणताना त्यांची थोरवी कमी करावी असा हेतू नाही. ज्याला शरमच नाही तो माणूस खिंडीत जातही नाही.

महाराजांकडेही पाहिले पाहिजे. ते पत्र जरा अधिकच तिखट होते का? मानी माणसाला तोंड दाखवू नको म्हटले की तो काय करील, हे माणसे पारखणाऱ्या राजाला कळत नसेल असे नाही. प्रतापराव पडल्याची बातमी ऐकून महाराजांना फार दुःख झाल्याचे बखर सांगते. त्या दुःखात थोडी बोचणीही असावी, असा माझा अंदाज. अंदाजच; पुरावा म्हणून नव्हे, पण शेजारी ठेवून पाहावे असे एक पत्र आहे. नेसरीनंतर अडीच महिन्यांनी, ९ मे १६७४ रोजी, चिपळूणजवळच्या हलवर्ण येथील छावणीतल्या लष्कराला महाराजांनी ते लिहिले. अनेकांनी ते शाळेत वाचले असेल. दाणागोटा पावसाळाभर पुरवून वापरा, रयतेच्या भाजीलाही हात लावू नका, गवताच्या गंजीजवळ विस्तव नको, दिव्याची वात उंदीर पळवील तर आग लागेल. सगळे हुकूमच आहेत, पण प्रत्येक हुकमामागे कारण दिले आहे: असे केलेत तर घोडी मरतील, रयत म्हणेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. साध्या बारगिरालाही हुकूम कशासाठी आहे हे कळले पाहिजे, असा त्या पत्राचा थाट आहे.

हुकूम मोडून मिळवलेला विजयही महाराजांना चालत नसे. १६७८ मध्ये कर्नाटकातून परतताना आपल्याच जिल्ह्यातल्या बेलवडीच्या गढीने त्यांच्या फौजेला अडवले, सावित्रीबाई किंवा मल्लम्मा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या देसाईणीने ती शर्थीने लढवली. सखुजी गायकवाड या सरदाराने गढी घेतली, पण त्या बाईशी गैरवर्तन केले. महाराजांनी आपल्या त्या विजयी सरदाराला अतिशय कठोर शिक्षा केली. आजच्या लष्करी कायद्यातही, म्हणजे १९५० च्या आर्मी ॲक्टमध्ये, हुकूम मोडल्याबद्दल शिक्षा आहे ती वरिष्ठाचा कायदेशीर हुकूम मोडला तर. त्या एका शब्दात बरेच काही आहे. बेळगाव कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे आणि आपल्यापैकी कितीतरी घरांत तिथून शिकून गेलेला कोणी ना कोणी आहे. त्यांच्याशी या विषयावर बोलून पाहावे. पुस्तकांपेक्षा त्यांना यातले अधिक कळते.

प्रतापरावांनंतर सरनौबतपद हंसाजी मोहित्यांकडे गेले. हंबीरराव म्हणून आपण त्यांना ओळखतो. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला, त्या सोहळ्यात सरनौबत म्हणून मान मिळाला तो त्यांना. बहलोलखान १६७५ मध्ये विजापूरचा मुख्य कारभारी झाला आणि १६७७ च्या अखेरीस वारला. उमराणीला तो सुटला नसता तर नेसरी घडली नसती, आणि विजापूरचे राजकारणही कदाचित वेगळे झाले असते.

गुजरांचे घर महाराजांनी अंतर दिलेले नाही. मार्च १६८० मध्ये, स्वतःच्या मृत्यूच्या काही दिवस आधी, त्यांनी धाकट्या चिरंजीवांचे, राजाराम महाराजांचे लग्न लावले. वधू होती प्रतापरावांची कन्या जानकीबाई. पुढे हेच राजाराम महाराज जिंजीला असताना, १६९७ च्या सुमारास, त्यांच्या आज्ञेवरून सभासदाने थोरल्या महाराजांचे चरित्र लिहिले. त्या बखरीत नेसरीचे मरण आहे तशीच उमराणीची चूकही आहे. सासऱ्याची ती चूक जावयाने गाळायला लावली नाही.